गेरू लागलेल्या नोटा

कातरणीच्या दिवशी मसाजीच्या एकत्र खटल्यात पोटातलं पोटात राहत नसे. वर्षभर ज्यानं जे गिळलेलं असेल ते त्या दिवशी बाहेर पडायचं, आणि तेही हातात कातरी असताना. तरी आजवर मेंढीवाचून कुणाला ओरखडा उठला नव्हता, हे नवलच म्हणायचं.

विलायतेकडची लढाई पेटून पहिला ज्येष्ठ आला होता. तिन्ही खांडं गोरेगावच्या माळावर एकत्र झाली होती. मेंढ्या आदल्या दिवशी ओढ्याच्या डोहात धुऊन निघाल्या होत्या आणि आता काळ्याभोर लोकरीचे ढीग बाभळीखाली पडत होते. कळपाची तीन खांडं करायची ही मसाजीची जुनी रीत. एक खांड पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात, एक कयाधूच्या काठाकाठानं नरसी-कळमनुरीकडं, आणि एक घरच्या माळावर. एकीकडं रोग आला किंवा चारा सरला तर दोन खांडं हाताशी राहतात. म्हाताऱ्यानं ही रीत कधी कुणाला बसून समजावली नाही. त्याच्या थोरल्या सुनेनं, सुभद्राबाईनं, ती आपसूक उचलली आणि घरच्या पैशाला लावली.

सासू गेल्यापासून पैसा तिच्या कमरेला होता. गोरेगावच्या बाजारात ती घोंगड्या मांडून बसायची आणि घोंगड्या विकता विकता बट्ट्याचा धंदा करायची. इकडं निजामाचा हाली रुपया, चारमिनार छापलेला. काही कोसांवर वऱ्हाड लागलं की इंग्रजाचा कलदार, राजाचं तोंड असलेला. एक कलदार घ्यायचा तर हालीचा एक रुपया द्यायचा आणि वर अडीच-पावणेतीन आणे. हे वरचे आणे म्हणजे बट्टा, आणि तो दर बाजारी हलायचा. शेतसारा भरायचे दिवस आले की जो तो हाली मागायचा, वऱ्हाडात जत्रा लागल्या की कलदार. सुभद्राबाई दोन्ही बाळगून असायची. ज्याला जे हवं ते द्यायची आणि मधले दोन पैसे गपचूप कनवटीला लावायची.

पण घरचा पैसा तिनं कधी एका जागी, एका शिक्क्यात ठेवला नाही. हालीची पिशवी नरसीला नणंदेकडं. कलदारची पिशवी घरच्या पेवात, ज्वारीच्या खाली. आणि तिसरी पिशवी फिरती. ती धाकट्या दिराकडं, मुंजाजीकडं असायची. तो मेंढे विकायला रिसोडच्या बाजाराला जायचा, तिथं संधी दिसेल तसं हालीचं कलदार आणि कलदारचं हाली करायचा. सगळ्या घराच्या डोळ्यांत ही तिसरी पिशवी खुपायची. मुंजाजीच्या हातात पैसा म्हणजे वासराच्या तोंडात दोरी, असं नणंद उघड म्हणायची.

आज मात्र तिन्ही पिशव्या एकत्र यायच्या होत्या. ज्या माळावर मेंढ्या कातरल्या जात होत्या तो माळच मसाजीचं खटलं विकत घेणार होतं.

माळ गोरेगावच्या उत्तमरावाचा. तीन पिढ्या मसाजीची माणसं तिथं पावसाळा काढत आली होती. कडूलिंबाखाली शेंदूर फासलेले देवाचे तांदळे मांडलेले, बाजूला पेव, पेवाशेजारी सुभद्राबाईची झोपडी. सोळा वर्षांची होऊन ती ह्या झोपडीत आली होती, आणि आता तिच्या पोरीला मागणी येऊन राहिली होती, तरी ज्या उंबऱ्यावर ती रोज पाणी शिंपडायची तो उंबरा दुसऱ्याचा होता. आणि आता हिंगोलीचा एक कापूसवाला माळ मागत होता. त्यानं तारेचं कुंपण आणि इंजिनाची विहीर यांच्या गोष्टी केल्या होत्या. मसाजीच्या शब्दाखातर उत्तमरावानं आजच्या दिवसापर्यंत वाट पाहायचं कबूल केलं होतं. सौदा झाला नाही तर पाऊस पडायच्या आत खांडं हलवायची, आणि हलवायची कुठं, हे देवालाच ठाऊक.

म्हणून सुभद्राबाई सकाळपासून हसत होती, भाकरी थापत होती, बोकडाच्या कालवणाची चव घेत होती, आणि तिचं लक्ष रस्त्याकडं होतं.

नरसीचा छकडा आला आणि चाकाआधी नणंदेचा, द्वारकाक्काचा आवाज आला. "सुभद्रे! अगं सुभद्रे! जर्मन आला गं!"

"कुठवर आला?" लोकरीच्या ढिगावर बसलेल्या मसाजीनं विचारलं. "सेनगाव ओलांडलं का?"

"थट्टा करू नका, आप्पा. बाजारात सगळे बोलून राहिले. तिकडचं कुठलंसं लई मोठं शहर पडलं. इंग्रजाची नोट आता चुलीत घालायची. रिसोडला लोक नोटा टाकून चांदी घेऊन राहिलेत म्हणे, जो तो सराफाच्या दारात." द्वारकाक्का छकड्यातून उतरली, कासोट्यातून पिशवी सोडली आणि सुभद्राबाईच्या पुढ्यात ठेवली. "ही घे तुझी अमानत. हाली हाये, सगळी चांदी. माझं ऐक, घरातलं सगळंच आज हाली करून टाक. निजामाचं राज्य हाये तवर चारमिनार कुठं जात न्हाई."

"पाणी तर प्या आक्का."

"पाणी मंग पिते. तो मुंज्या कुठाय?"

मुंजाजी पलीकडं मेंढीवर ओणवा झाला होता. एरवी तो कातरी चालवायचा तेव्हा बाया बघत राहायच्या, एवढा सफाईदार हात. आज त्याच्या मेंढीच्या पाठीवर जागोजाग लोकरीचे झुबके राहिले होते आणि ती बिचारी हिवाळ्यातल्या भिकाऱ्यासारखी दिसत होती. सुभद्राबाईनं सकाळीच ते पाहिलं होतं. रिसोडहून आल्यापासून भावजीनं तिला तोंड दाखवलं नव्हतं, तेही पाहिलं होतं. तिनं विचारलं नाही. विचारलं तर खोटं सांगायची वेळ येईल त्याच्यावर, आणि खोटं त्याला धड जमत नाही, उगाच दोघांनाही तकलीफ.

पण आता उत्तमराव यायची वेळ झाली. तिनं भाकरीचा हात धुतला आणि हाक दिली, "मुंजा भावजी, पिशवी आणा."

मुंजाजी मेंढीला म्हणाला, "हालू नको ना."

"मेंढी न्हाई हालून राहिली. तुमी हाला."

तेवढ्यात मुंजाजीची बायको अनुसया झोपडीमागून आली. ही रिसोडकडची, वऱ्हाडातली, जिभेला धार. नवऱ्याला चारचौघांत काही म्हणायचं नाही आणि एकट्याला सोडायचं नाही, असा तिचा नेम होता. आज नेम मोडायची पाळी आली होती. तिनं पदराखालून पिशवी काढली आणि जावेच्या हातात दिली. "बाई, आधी तुमी एकट्याच पाहा."

पिशवी हलकी लागली. चांदीनं भरलेली पिशवी कधी हलकी लागत नाही. सुभद्राबाईनं गाठ सोडली. तिनं तोंड सैल केलं आणि आत पाहिलं.

नोटा. इंग्रजाच्या पाच-पाचाच्या, दहा-दहाच्या नोटा, गच्च भरलेल्या. आणि प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यावर, राजाच्या कानापाशी, गेरूचा लालभडक ठिपका आणि त्याखाली आडवी रेघ.

ठिपका आणि आडवी रेघ म्हणजे मसाजीच्या खांडाची खूण. कातरणी झाली की मेंढीच्या पाठीवर लावतात ती.

सुभद्राबाईनं एका ठिपक्यावर बोट फिरवलं. मग तिच्या तोंडून एवढंच निघालं, "ह्या नोटा चरायला सोडल्या व्हत्या का भावजी?"

एकटीनं पाहायचं राहिलं बाजूला, सगळे जमा झाले. द्वारकाक्कानं कपाळाला हात लावला. सुभद्राबाईचा नवरा सटवाजी, जो दिवसाला मोजकं बोलायचा आणि ते बहुधा कुत्र्याशी, तोसुद्धा कातरी टाकून आला. म्हातारा मसाजी डोळे बारीक करून एक नोट उन्हात धरून पाहू लागला.

"काहून?" सटवाजीनं विचारलं.

मुंजाजी उभा राहिला. अंगाला लोकर चिकटलेली, मान खाली. पण बोलायला लागला तशी मान वर आली, कारण बट्ट्याचं बोलणं म्हटलं की त्याला राहवत नसे. "दादा, रिसोडला गेलो तं बाजारात कालवा. लोक नोट नको म्हणून राहिले. दहाची नोट देऊन सातच कलदार घेऊन राहिले. मी म्हनलं, हे सगळे एकीकडंच पळून राहिले म्हंजे दुसरीकडं रान मोकळं हाये. लढाई संपली की नोट पुन्हा पुऱ्या रुपयाची. म्हून सगळी चांदी दिली आन नोटा घेतल्या. भारी सौदा व्हता, वैनी. आजबी भारीच हाये."

"सगळी?" सुभद्राबाईनं विचारलं.

"सगळी."

"थोडी बी मागं ठेवली न्हाई?"

"थोडी ठेवली असती तं तेवढ्याचा फायदा बुडाला असता ना!"

"आन हे गेरू?" द्वारकाक्का किंचाळली.

इथं मुंजाजीची मान पुन्हा खाली गेली. "वाटंत मुक्काम केला. परक्या खांडाचे लोक बी व्हते. त्यांच्याकडं बी नोटा. सगळ्यांच्या नोटा सारख्याच दिसतात, आक्का. म्हनलं, मिसळल्या तं ओळखायच्या कशा? गेरू व्हताच संगं. डिंकात कालवून लावला, पक्का बसावा म्हून." तो थांबला. "दुसऱ्या बाजाराला भाव काढायला सराफाकडं गेलो. त्यानं नोट पाहिली, मला पाहिलं, आन विचारलं, हिचं दूध निघते का म्हून."

आधी मसाजी हसला. म्हाताऱ्याचं हसू म्हणजे खोकला आणि खोकल्यातून हसू. मग अनुसया तोंडाला पदर लावून हसली, मग छकडेवाला, आणि शेवटी सुभद्राबाईला आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. त्यातलं किती हसण्याचं आणि किती माळ हातचा जाण्याच्या भीतीचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

हसू ओसरलं तसे घरात तीन तट पडले.

द्वारकाक्काचं एकच, सगळं हाली करा आणि मुंज्याच्या हातात पुन्हा फुटका पैसा देऊ नका. सटवाजीनं त्या दिवशीचं सगळ्यात मोठं भाषण केलं. "पैसाच नको. सगळ्याच्या मेंढ्या घ्या. मेंढी म्हंजे मेंढी." मुंजाजी तोंडघशी पडल्यावरही म्हणत होता की पेवातली चांदीसुद्धा द्या, नोट अजून पडेल, अजून घेऊ. अनुसया आधी नवऱ्याच्या बाजूनं बोलली, हे ऐकल्यावर नणंदेकडं सरकली, आणि नणंद "वऱ्हाडची पोरगी आणली तवाच सांगितलं व्हतं" असं म्हणाली तशी तिथूनही उठून जावेच्या मागं येऊन उभी राहिली.

"तू काहून गप, सुभद्रे?" द्वारकाक्कानं विचारलं.

"मी ऐकून राहिले. तुमी हाली म्हणता, हे मेंढ्या म्हणतात, भावजी नोटा म्हणतात. तिघं बी एकाच खुंटीला सगळं टांगायचं म्हणून राहिले, खुंटी तेवढी येगळी येगळी."

"मंग काय करावं म्हणतेस?"

"आधी जेवायला वाढावं म्हणते. उत्तमराव येऊन राहिले."

उत्तमराव पांढऱ्या घोडीवरून आला. अंगानं भारी, बोलण्यानं हळू, आणि बोकडाच्या कालवणावर मनापासून जीव. तो जेवला, ढेकर दिली, कातरणी यंदा बरी निघाली म्हणाला, मसाजीच्या डोळ्यांची विचारपूस केली. मग तक्क्याऐवजी लोकरीच्या पोत्याला टेकून म्हणाला, "मसाजी, बोलणं झालं तसं करू. एक वाटा हाली. सारा भरायचाय मला. दोन वाटे कलदार. पोरगी वाशिमला दिलीये, तिच्याकडं पाठवायचे हायेत."

सुभद्राबाईनं हालीची पिशवी पुढं ठेवली. सटवाजीनं पेवातून काढलेली, ज्वारीचा भुसा लागलेली कलदारची पिशवी पुढं ठेवली. उत्तमरावानं हातानंच वजन पाहिलं आणि मान डोलावली. मग तिसरी पिशवी.

त्यानं एक नोट बाहेर काढली. उलटी केली, सुलटी केली. अंगठ्यानं गेरू घासून पाहिला. निघाला नाही. डिंक चांगला होता.

"मसाजी," तो म्हणाला, "हे काय हाये?"

"कलदारच हाये, मालक. कागदाचा."

"कोरी नोट आज कुणी घेत न्हाई. हिच्यावर तर तुमचा शिक्का हाये. वाशिमचे व्याही मला काय म्हणतील?" त्यानं पिशवी हळूच परत सारली. राग नव्हता, पण हात मागं घेतला तो घेतलाच. "मला वाईट वाटते. तीन पिढ्यांचा संबंध. पण हिंगोलीवाला उद्या चांदी घेऊन येतो म्हणतो. दोन वाट्यांत माळ देता येत न्हाई."

मागं कातरलेल्या मेंढ्या एकमेकींना ओळखू न आल्यासारख्या ओरडत होत्या. सुभद्राबाईनं झोपडीच्या उंबऱ्याकडं पाहिलं. सकाळचं शिंपण वाळून गेलं होतं. गळ्यातल्या चांदीच्या सरीकडं तिचा हात गेला, पण सरीनं तिसरा वाटा कुठला भरणार. दिवाळीपर्यंत मुदत मागावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मुंजाजी बोलला.

"मालक, तुमची हळद मागच्या साली कशी आली?"

घरातल्या सगळ्यांनी डोळे मिटले. आता हा आणखी काय करतो!

उत्तमरावाचा चेहरा उतरला. हळदीचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचाच. "कशी येते? बोटाएवढी. शेजारच्या सोनाजीच्या रानात मनगटाएवढी निघाली."

"सोनाजीच्या रानात दर उन्हाळ्यात आमचं कयाधूचं खांड बसते म्हून. तुमी दर साली निरोप धाडता, आन आमी दर साली म्हणतो, सोनाजीला शब्द दिलाय. तो शब्द यंदा सरला." मुंजाजी पुढं सरकून बसला. अंगावरची लोकर झटकायचंही त्याला भान नव्हतं. "मालक, नोट घेऊ नका. हाली घेऊ नका. लेंडी घ्या."

"काय घ्या?"

"लेंडी! तिसरा वाटा लेंडीखतात घ्या. आज तिन्ही खांडं हितं हायेत, एका जागी. असं सालातून एकदाच व्हते. आज रातच्याला तिन्ही खांडं तुमच्या हळदीच्या रानात बसवतो. आठवडाभर. हळद लावायच्या आधी. रान असं काळं व्हईल की सोनाजी बांधावर येऊन बघत बसंल. आन पुढं पाच उन्हाळे, फुकट. निजाम राहो, इंग्रज राहो, जर्मन येवो, लेंडीचा बट्टा कुणाच्या बापाला हालवता येत न्हाई!"

मसाजीला पुन्हा खोकला लागला.

उत्तमराव हसला नाही. त्यानं पान काढलं, चुना लावला, कात टाकला, सुपारी कातरली. सुपारी कातरायला त्याला इतका वेळ लागला की द्वारकाक्कानं मनातल्या मनात नामदेवाला नारळ बोलला. मग तो म्हणाला, "सात उन्हाळे."

"सहा," मुंजाजी म्हणाला. "आन दर साली कातरणीला तुमी हितं जेवायला."

"बोकड?"

"बोकडच. माझी वैनी शिजवंल."

उत्तमरावानं सुभद्राबाईकडं पाहिलं. सुभद्राबाईनं मान डोलावली. उत्तमरावानं पान तोंडात घातलं आणि मसाजीच्या हातावर हात ठेवला. "झालं. बुधवारी पटवाऱ्याकडं या."

तो घोडीवर बसून गेला आणि धूळ खाली बसली. मग द्वारकाक्का उठली. मुंजाजीच्या पाठीत तिनं असा दणका घातला की त्याचं पागोटं पडलं, आणि त्याच हातानं तिनं त्याची अलाबला घेतली. सटवाजी कडूलिंबापाशी गेला आणि झाडाच्या खोडावर हात ठेवून उभा राहिला. किती वेळ उभा राहिला कुणास ठाऊक. सुभद्राबाईनं तांब्या उचलला आणि भर दुपारी, सगळे बघत असताना, उंबऱ्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. पाणी शिंपडताना ती रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

दुपार कलली तसा लोकरीचा व्यापारी आला, हालीत पैसे देऊन पोती घेऊन गेला. आता लोकरीचे हाली आणि मुंजाजीच्या नोटा एवढीच घरची पुंजी उरली होती. गेरू कालवायला घेतला गेला. कातरलेल्या मेंढ्या एक-एक करून मुंजाजीपुढून जात होत्या आणि तो ठिपका आणि रेघ ओढत होता. हात आता पहिल्यासारखा चालत होता.

सुभद्राबाई घोंगडीवर बसली आणि लोकरीच्या पैशाचे तीन ढीग केले. एक द्वारकाक्कापुढं सारला. "आक्का, हे नरसीला न्या. हाली हायेत तसेच राहू द्या." दुसरा नवऱ्याला दिला. "ह्याचे सवडीनं कलदार करून पेवात. आन तुमाला मेंढ्या घ्यायच्या तं दोन घ्या, दोनशे नको." सटवाजी हसला. कुत्र्यानंसुद्धा त्याच्याकडं चमकून पाहिलं.

तिसरा ढीग तिनं नोटांच्या पिशवीत भरला, तोंड बांधलं आणि हाक दिली. "मुंजा भावजी, ही तुमची."

गेरूचं भांडं मुंजाजीच्या हातून सांडता सांडता राहिलं. द्वारकाक्का तर उभीच राहिली. "सुभद्रे, तुझं डोकं ठिकाणावर हाये का? पुन्हा त्याच्याच हातात? आज देवानं तारलं म्हून!"

"देवानं तारलं व्हय, पण बोलले भावजी," सुभद्राबाई म्हणाली. "मामा, तुमीच सांगा. खांडं तीन काहून करता?"

"एक मेलं तं दोन राहावे म्हून," मसाजी म्हणाला.

"आन तिन्ही खांडं एकाच वाटंनं नेली तं?"

"मंग तीन करून उपेग काय?"

"तेच सांगून राहिले. आक्का भित्र्या. मी बी भित्री. हे तं मेंढीबाहेर पाहतच न्हाईत. आमा तिघांच्याच हातात तिन्ही पिशव्या राहिल्या असत्या तं आज पैसा एकूण एक शाबूत राहिला असता, खरं हाये. पण उद्या कोणता शिक्का कुणाला नकोसा व्हईल, कुणी सांगावं? आमा तिघांपैकी एकाला बी लेंडी सुचली नसती. आक्का, मी पैसा तीन जागी ठेवते तशी माणसं बी तीन तऱ्हेची ठेवते. दोन पिशव्या भित्र्यांच्या. एक ह्यांची. ह्यांची बुडाली तं आपुन जगतो. तरली तं माळ मिळते. ह्यांना सगळं देणार न्हाई मी. पण ह्यांच्यावाचून घर चालवणार बी न्हाई."

द्वारकाक्का आपल्या ढिगाची पुरचुंडी कासोट्यात खोचत पुटपुटली, "एवढी सालं झाली, आज कळलं म्हंजे मला काहून हाली देत व्हती ही."

अनुसयेनं पदर डोळ्यांना लावला होता. तिला वाटलं कुणी पाहिलं नाही.

"एक अट हाये भावजी," सुभद्राबाई म्हणाली. "सगळी चांदी द्यायची न्हाई. थोडी मागं ठेवायचीच, फायदा बुडाला तं बुडू द्या."

"व्हय वैनी."

"आन नोटंला गेरू लावायचा न्हाई."

"न्हाई वैनी."

"मंग तो कुठं लावायचा हे मी दाखवते." तिनं त्याच्या भांड्यात अंगठा बुडवला. मुंजाजी मान झुकवून उभा होता, तिनं त्याच्या पांढऱ्या पागोट्यावर ठिपका दिला आणि खाली आडवी रेघ ओढली. "आता कुठल्या बी बाजारात मिसळले तरी ओळखू येतील, कुणाचे हायेत ते."

सगळा माळ हसला. मुंजाजीही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. त्यानं लाल झालेल्या हातानंच डोळे पुसले, आणि गेरू त्याच्या दोन्ही गालांना लागला.